शुक्रवारची दुपार आणि हातकणंगल्याचा खासदार

३ ऑगस्ट २०१८ रोजी, शुक्रवारी, हातकणंगल्याचे खासदार राजू शेट्टी यांनी लोकसभेत दोन खासगी विधेयकं मांडली. एक शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचं, दुसरं शेतमालाला किफायतशीर हमीभावाचा कायदेशीर हक्क देणारं. दोन्हींपैकी एकही मंजुरीपर्यंत पोहोचलं नाही. मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर विधेयकंही संपली, आणि त्याच महिन्यात शेट्टी स्वतःची जागाही हरले.

निकालाच्या रकान्यात शून्य. तरीही ग्रामीण खासदार संसदेत आपल्या माणसांसाठी काय करू शकतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला यासारखं दुसरं प्रकरण मला सापडत नाही. मोठ्या पक्षाच्या खासदारामागे पक्ष उभा असतो, त्यामुळे त्याचं स्वतःचं किती आणि पक्षाचं किती हे वेगळं काढता येत नाही. शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाचे लोकसभेतले एकूण खासदार एक, म्हणजे ते स्वतः. व्हिप काढायचा तर तो स्वतःवरच.

मतदारसंघ कसला आहे

हातकणंगले लोकसभा मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. कोल्हापूरचे शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगलीचे इस्लामपूर, शिराळा. शिरोळकडे कृष्णा-पंचगंगेची काळी जमीन आणि ऊस, शाहूवाडी-शिराळ्याकडे डोंगर, पाऊस आणि भात, मधे इचलकरंजीचे यंत्रमाग. पण राजकारण चालतं ते उसावर. साखर कारखाना ज्याच्या हातात, त्याच्या हातात दूध संघ, बँक, शाळा आणि अर्थातच मतं, अशी ही जुनी रचना. शेट्टी आले ते या रचनेच्या विरोधात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतून बाहेर पडून त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, किती मागायची हे ठरायचं, आणि कारखान्याने नाही म्हटलं की रस्त्यावर ट्रॅक्टर अडायचे. निवडणुकीचा खर्च लोकांनीच उचलायचा, ‘एक व्होट, एक नोट’. २००४ मध्ये ते शिरोळचे आमदार झाले, २००९ मध्ये निवेदिता माने यांना हरवून खासदार. २०१४ मध्ये महायुतीत राहून सुमारे पावणेदोन लाखांच्या फरकाने पुन्हा निवडून आले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ऊस हे देशातलं असं पीक आहे की ज्याच्या दरामागे खरोखर कायदा उभा आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला आहे. केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, आणि थकवलीच तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र, काढून महसुली थकबाकीसारखी वसुली करू शकतात. २०१८-१९ च्या हंगामासाठी एफआरपी होती १० टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, क्विंटलमागे २७५ रुपये, आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ७५ पैसे. उतारा १२ टक्के धरला, जो कोल्हापूरकडे नवलाचा नाही, तर टनाला ३३०० रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करून जे उरेल ते शेतकऱ्याच्या खात्यावर. हा हिशेब शिरोळ तालुक्यातला कुठलाही ऊसकरी पारावर बसून तोंडी मांडतो. कारखान्याने उतारा कमी दाखवला, काटा मारला किंवा तोडणी-वाहतूक फुगवली तर कुठे भांडायचं, हेही त्याला ठाऊक असतं.

सोयाबीनवाल्याला हे काहीच नाही. हमीभाव जाहीर होतो, पेपरात छापून येतो, आणि बाजार समितीत व्यापारी त्याच्या खाली बोली लावतो. त्याबद्दल त्या व्यापाऱ्याला विचारणारा केंद्रीय कायदा नाही. कायद्याने बांधलेला दर किती उपयोगी पडतो आणि किती पळवाटा ठेवतो, हे दोन्ही या खासदाराने पंधरा वर्षं जवळून पाहिलेलं होतं. हमीभावाचं विधेयक मांडणारा खासदार उसाच्या पट्ट्यातला असावा यात मला तरी योगायोग दिसत नाही.

एकट्या खासदाराचं घड्याळ

संसदेत बोलणं म्हणजे उभं राहणं आणि बोलणं, अशी बाहेर समजूत असते. प्रत्यक्षात तिथे वेळ वाटून मिळतो. अर्थसंकल्पावर, विधेयकावर, दुष्काळावरच्या चर्चेत कोणाला किती मिनिटं हे पक्षाच्या संख्याबळावरून ठरतं. एकच खासदार असलेल्या पक्षाचा नंबर शेवटी लागतो, ‘इतर’ या रकान्यात, आणि मुद्दा सुरू होतो न होतो तोवर अध्यक्षांची घंटी वाजते.

बाकीची हत्यारं आहेत, पण प्रत्येकाला चिठ्ठी आडवी येते. दिवसाला २० तारांकित प्रश्न घेतले जातात, तेही सोडतीने, आणि त्यातले प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पाच-सहाच पोहोचतात. शून्य प्रहरात गावच्या पुलाचा, रेल्वे थांब्याचा, पीकविम्याचा विषय मांडता येतो. त्यासाठी सकाळी नोटीस द्यायची आणि सोडतीत नाव निघण्याची वाट बघायची. नियम ३७७ खाली मजकूर वाचून दाखवायचा, मंत्र्याचं उत्तर नंतर पत्राने येतं. मतदाराला थेट उपयोगी पडतात ती हीच छोटी हत्यारं. अतारांकित प्रश्नाला मिळालेल्या लेखी उत्तरावर बोट ठेवून जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, भाषणाच्या व्हिडिओवर नाही. पण यातलं काहीही कायदा बदलत नाही.

उरते शुक्रवारची दुपार. दर शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाला राखलेले असतात, एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव. मंत्री नसलेला कुठलाही खासदार तिथे विधेयक मांडू शकतो, मग त्याच्या पक्षाचे तीनशे सदस्य असोत की एक. मांडण्याच्या टप्प्यावर विरोध करायचा नाही असा संकेत आहे. खासदार उठतो, विधेयकाचं नाव घेऊन परवानगी मागतो, सभागृह आवाजी होकार देतं, तो ‘सादर करतो’ म्हणतो आणि बसतो. मिनिटभराचं काम. पुढचं नाव पुकारलं जातं. तोवर निम्म्या खासदारांना मतदारसंघाकडे निघायची घाई झालेली असते.

या मिनिटाला किंमत काय? १९५२ पासून आजवर संसदेने मंजूर केलेली खासगी विधेयकं चौदा, आणि शेवटचं १९७० मधलं. त्या चौदांत फिरोज गांधींचं १९५६ चं विधेयक आहे, ज्याने संसदेतल्या कामकाजाच्या प्रामाणिक वार्तांकनाला संरक्षण दिलं. रायबरेलीच्या त्या खासदाराचे उपकार आपण पत्रकार मंडळी फारसे आठवत नाही, ते असो. तिरुची सिवांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत अडलं. म्हणजे ३ ऑगस्टला शेट्टी उभे राहिले तेव्हा, हे मंजूर होणार नाही, याची खात्री सभागृहात सर्वांना होती. त्यांनाही.

रस्त्यावरून सभागृहात

विधेयकं लिहिली गेली ती संसदेबाहेर. जून २०१७ हा महिना त्यासाठी लक्षात ठेवावा लागतो. १ जूनला पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप महाराष्ट्रभर पसरला. ६ जूनला मध्य प्रदेशात मंदसौरला पोलिसांनी आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार केला. त्यानंतर दहा दिवसांत दिल्लीत देशभरातल्या शेतकरी संघटनांची अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समिती उभी राहिली. डाव्या किसान सभा, उत्तर प्रदेशातले व्ही. एम. सिंग, योगेंद्र यादव, आणि आपल्याकडचे शेट्टी. एरवी एका सतरंजीवर न बसणारी ही मंडळी दोन मागण्यांवर एकत्र आली, कर्जमुक्ती आणि उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव.

शेट्टी तेव्हा अजून भाजपच्या नेतृत्वाखालच्या रालोआत होते, पण मन उडालेलं होतं. २०१४ च्या जाहीरनाम्यात भाजपने उत्पादन खर्चावर ५० टक्के नफ्याचं आश्वासन दिलं होतं, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की तसं केलं तर बाजार बिघडेल. मे २०१७ मध्ये शेट्टींनी पुण्याहून मुंबईपर्यंत आत्मक्लेश पदयात्रा काढली. ज्यांना मतं द्या म्हणून सांगितलं त्यांनी शब्द पाळला नाही, त्याचं हे प्रायश्चित्त, असा तिचा रोख. ऑगस्टमध्ये ते रालोआतून बाहेर पडले. त्यांचे जुने सहकारी सदाभाऊ खोत राज्यातल्या मंत्रिपदावर राहिले, आणि संघटना दुभंगली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या संसद मार्गावर दोन दिवस किसान मुक्ती संसद भरली. तिथे दोन्ही विधेयकांचे मसुदे ठेवले गेले. पुढचे काही महिने त्यांवर राज्याराज्यांत चर्चा झाली आणि २१ राजकीय पक्षांनी पाठिंबा दिला. लोकसभेत मांडायची जबाबदारी शेट्टींवर आली, राज्यसभेत केरळचे के. के. रागेश यांच्यावर. २१ पक्षांमध्ये बलाढ्य पक्षही होते, त्यांच्याकडे शेकड्याने भाषणं करणारे नेते होते. तरी लोकसभेत विधेयक मांडायला उभा राहिला तो आपल्या पक्षाचा एकटा खासदार. पाठिंब्याची सही स्वस्त असते, हे यातून दिसतं असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

आणि मांडण्याआधी पंधरवडाभर काय चाललं होतं? १६ जुलैपासून महाराष्ट्रात दूध आंदोलन. मुंबईकडे जाणारे टँकर अडवले जात होते, गावोगाव दुधाने देवांना अभिषेक होत होते. शेतकऱ्याला लिटरला १७-१८ रुपये पडत होते. १९ जुलैला सरकारने २५ रुपये दर देण्याचं कबूल केलं आणि आंदोलन थांबलं. १८ जुलैला दिल्लीत अधिवेशन सुरू झालेलं. हमीभावाच्या विधेयकात ‘शेतमाल’ म्हणजे काय याची व्याख्या दूध, भाजीपाला, वनोपजापर्यंत ताणलेली आहे. ती कुठून आली हे सांगायला नको.

भाताचा हिशेब

विधेयकाचा गाभा एका आकड्यात आहे, आणि तो न समजता यावर बोलणारे पुष्कळ आहेत. उत्पादन खर्च मोजायच्या सरकारी पद्धती अनेक. एकीत बी-बियाणं, खत, मजुरी असा रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरतात, तिला ए-२ अधिक एफएल म्हणतात. दुसरी, सी-२, त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याजही मिळवते. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये खर्चाच्या किमान ५० टक्के वर भाव द्या असं सांगितलं. शेतकरी संघटना तो खर्च सी-२ समजतात.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने खरिपाचे हमीभाव जाहीर केले आणि ‘दीडपट दिला’ असं सांगितलं. भाताचा ए-२ अधिक एफएल खर्च क्विंटलला ११६६ रुपये, भाव १७५०. दीडपट बरोबर आहे. पण सी-२ होता १५६०, त्याच्या दीडपट होतात २३४०. क्विंटलमागे ५९० रुपयांचा फरक. शाहूवाडीच्या डोंगरकपारीत पाच-सात क्विंटल भात विकायला काढणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक म्हणजे मुलांच्या शाळेचा वर्षाचा खर्च.

विधेयक म्हणत होतं की सी-२ वर किमान ५० टक्के, आणि तोही हक्क म्हणून. त्याच्या खाली खरेदी केली तर शिक्षा. भाव ठरवायला केंद्र आणि राज्य पातळीवर वैधानिक आयोग. कर्जमुक्तीच्या विधेयकात एकदाची संपूर्ण कर्जमाफी आणि पुढच्या संकटांसाठी कायमचे कर्जमुक्ती आयोग. केरळात २००६ च्या कायद्याखाली असा आयोग आहे, तो नमुना समोर होता. सावकारी कर्जही त्यात धरलेलं, आणि शेतकरी म्हणजे फक्त सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस नाही, खंडकरी, वाटेकरी आणि बाईसुद्धा. माझ्या मते दोन्ही विधेयकांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य ही व्याख्याच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दीड लाखांपर्यंतच्या कर्जमाफीत बँकेचं कर्ज नावावर नसलेला वाटेकरी कुठेच बसत नव्हता.

घटनेतल्या आडकाठ्या

विधेयकाबद्दलची टीका बहुतेक पैशांवर झाली, इतका खर्च झेपणार का वगैरे. खरी अडचण वेगळीकडे आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या ३० व्या नोंदीत, सावकारी आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा विषय राज्यांकडे दिलेला आहे. केंद्राने कर्जमुक्तीचा कायदा करायचा म्हटलं की पहिला आक्षेप इथूनच येणार. भावाचं तसं नाही, किंमत नियंत्रण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो.

दुसरी आडकाठी अनुच्छेद ११७. संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या तिजोरीतून, खर्च होणार असेल तर विधेयक विचारात घ्यायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात सरकार. ज्या सरकारविरुद्ध विधेयक आणलं त्याच्याच परवानगीने ते पुढे सरकणार. शिवाय मांडलेल्या विधेयकांतून चर्चेला कुठली घ्यायची याची सोडत वेगळीच. त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन ११ डिसेंबर ते ८ जानेवारी, मग फेब्रुवारीत छोटंसं अर्थसंकल्पी अधिवेशन, की लोकसभा निवडणुकीला लागली. उरलेले शुक्रवार बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून मला वाटतं, दोन विधेयकं एकत्र आणण्यात डावपेचाची चूक झाली. हमीभावाचं एकट्याने आणलं असतं आणि तेही आखूड, म्हणजे ऊस नियंत्रण आदेशातलं १४ दिवस, १५ टक्के व्याज आणि महसुली वसुली हे तीन मुद्दे पाच-सात पिकांना लावणारं, तर त्यावर ‘राज्याचा विषय’ किंवा ‘तिजोरीवर बोजा’ असं म्हणून हात झटकणं अवघड गेलं असतं. याला उलट उत्तरही आहे. आंदोलनाला आखूड विधेयक लागत नाही, सगळ्यांना सामावणारं लागतं. किसान सभेचा भूमिहीन मजूर, विदर्भातला कर्जबाजारी कापूसवाला आणि शिरोळचा ऊसकरी एका कागदावर आणायचे तर कागद लांबणारच. २९ आणि ३० नोव्हेंबर २०१८ ला हजारो शेतकरी रामलीला मैदानावरून संसद मार्गापर्यंत चालत गेले, राहुल गांधी, केजरीवाल, येचुरी एका मंचावर आले, तेव्हा घोषणा होती ती हीच दोन विधेयकं मंजूर करा अशी. मागणी पत्रकावरची न राहता विधेयकातली झाली की मंत्र्याला ‘विचार करू’ म्हणून सुटता येत नाही, कुठलं कलम मान्य नाही ते सांगावं लागतं. तेवढं या विधेयकांनी केलं.

मतदारांनी काय पाहिलं

२३ एप्रिल २०१९ ला हातकणंगल्यात मतदान झालं. २३ मे रोजी धैर्यशील माने यांनी शेट्टींना सुमारे ९६ हजार मतांनी हरवलं. ज्या निवेदिता मानेंना हरवून ते दिल्लीला गेले, त्यांचेच हे चिरंजीव.

दिल्लीत शेतकऱ्यांचा आवाज झाल्याने गावाकडे दुर्लक्ष झालं, असं सोपं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. ते अपुरं आहे. शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीतून उभे होते. ज्या साखरसम्राटांच्या दारात पंधरा वर्षं घोषणा दिल्या, त्यांच्याच गाडीत बसून मतं मागायची वेळ कार्यकर्त्यांवर आली, आणि ती त्यांना पचली नाही. देशभर वारं वेगळं होतं. आणि एक गोष्ट पूर्णपणे स्थानिक, ती म्हणजे पाणी. इचलकरंजी शहराला वारणेतून पाणी आणायच्या योजनेला दानोळीसह वारणाकाठच्या गावांनी कडवा विरोध केला. शेतकऱ्यांचे नेते म्हणून शेट्टी काठाच्या बाजूचे मानले गेले. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या आणि नळाला दिवसाआड तरी पाणी येईल का म्हणून वाट बघणाऱ्या माणसाला सी-२ आणि ए-२ मधल्या फरकाशी देणंघेणं असायचं कारण नाही. तोही त्याच खासदाराचा मतदार होता. मतदारसंघाच्या वतीने बोलायचं म्हणजे नेमक्या कुणाच्या वतीने, हा प्रश्न शेतकरी खासदाराला शहरी खासदारापेक्षा जास्त बोचतो, कारण त्याच्या मतदारसंघात नदीचं पाणी आणि शेताचा भाव यांच्यावर दोन गटांचा हक्क एकाच वेळी असतो.

२०२४ मध्ये ते पुन्हा लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

मधल्या काळात हमीभावाची मागणी थांबली नाही. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी तीन कृषी कायदे मागे घ्यायची घोषणा केली, तरी हमीभावाच्या कायद्याची मागणी करत दिल्लीच्या सीमांवरचे शेतकरी आणखी काही आठवडे उठले नाहीत. जुलै २०२२ मध्ये केंद्राने त्यावर समिती नेमली. डिसेंबर २०२४ मध्ये कृषीविषयक संसदीय स्थायी समितीने हमीभावाला कायदेशीर बंधन असावं अशी शिफारस केली. तिचे अध्यक्ष होते पंजाबचे चरणजितसिंग चन्नी. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

उसाकडे मात्र काही घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा शासन निर्णय काढला. शेट्टी तोवर माजी खासदार होते. ते उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या १९६६ च्या आदेशात १४ दिवस म्हटलेलं आहे, ते राज्याला परस्पर बदलता येत नाही. सोयाबीन, तूर किंवा भात विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात न्यायालयात दाखवायला असं एकही कलम अजून नाही.